आगीतून फुफाट्यात

घरात भडका उडतो, शेजारी घोंगडी घेऊन धावतात, भाजलेले माणूस जिवंत रुग्णालयात पोहोचते आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. खरा झगडा तेथूनच सुरू होतो. मोठ्या जळितात पहिले दोन-तीन दिवस निभावल्यावर जो मृत्यू येतो, तो बहुधा जंतूंच्या हातून येतो.

कातडी हा देहाचा तट आहे. तो ढासळला म्हणजे उरते ते ओले, निर्जीव मांस. तेथील रक्तवाहिन्याच जळालेल्या असल्याने शिरेतून दिलेले औषधही तेथवर धड पोहोचत नाही. प्रथम येतो तो स्टॅफिलोकॉकस. मागाहून स्यूडोमोनास ठाण मांडतो, त्याच्या हिरवट पुवावरून तो ओळखू येतो. असिनेटोबॅक्टर तर खाटेच्या कोरड्या दांडीवरही आठवडेच्या आठवडे तग धरतो. हे जंतू आता एकामागून एक औषधांना दाद देईनासे झाले आहेत. मग मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून एकेकाळी बाजूस सारलेले कोलिस्टिन पुन्हा बाहेर काढावे लागते. आणि हेच कोलिस्टिन आपल्या देशात कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून त्यांच्या खाद्यात मिसळले जात होते! सरकारने त्यावर बंदी घातली, ती २०१९ साली.

परंतु कोंबडीवाल्यांना बोल लावून आम्हां सुशिक्षितांना मोकळे होता येणार नाही. साध्या पडशाला, जो विषाणूंमुळे होतो आणि ज्यावर प्रतिजैविकाचा काडीइतका उपयोग नाही, चिठ्ठीवाचून गोळ्या आणणारे आणि दोन दिवसांत बरे वाटताच उरलेल्या फडताळात टाकणारे कोण? त्या गोळ्यांतून तगलेले जंतू आपल्या आतड्यात वाढतात, माणसांबरोबर रुग्णालयात शिरतात आणि आपली प्रतिकारशक्ती परजातीच्या जंतूंनाही देऊन टाकतात. अपुऱ्या मात्रेचा हा धोका फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच, नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात, सांगून ठेवला होता. आपल्याकडे २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद, डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नावांसह, वेगळ्या वहीत ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक आहे. ती वही उघडून पाहणारे निरीक्षक दुकानात कितीदा डोकावतात, हे सरकारने एकदा जाहीर करावे.

नवे औषध येईल तेव्हा येवो. जळिताच्या जखमेवर आजही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मृत मांस लवकर काढून जखम झाकणे. रुग्णाच्या अंगावर पुरेशी कातडी उरलेली नसेल, तर दात्याची कातडी तात्पुरते पांघरूण होते. मुंबईत शीव रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे. नेत्रदानाचे अर्ज हौसेने भरणाऱ्या घरांत त्वचादानाचा विषय मात्र निघत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पोटरी वा पाठीवरून एक पातळ पापुद्रा तेवढा काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही, रक्तस्राव होत नाही आणि अंत्यविधीही खोळंबत नाही.