आजी जिवंत आहे, हे ठरवायचे कोणी?

गेल्या नोव्हेंबरात आजीचा हयातीचा दाखला काढायला तिच्याबरोबर गेले होते. आजोबा कालव्यावर पाटकरी होते. त्यांच्या मागे आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. तिच्या बोटांचे ठसे केव्हाच झिजले, म्हणून मोबाइलसमोर चेहरा धरला. "डोळे मिचकावा," अशी सूचना आली. तोंडावरून वारे गेल्यापासून आजीची एक पापणी नीट मिटत नाही. तीनदा नकार आला. आजी म्हणाली, "आगं, मी जिती हाय न्हवं? मग ह्येला दिसंना व्हय?" रांगेतले हसले. मला हसू आले नाही.

यंत्राचा संशय अगदीच अकारण नाही. चेहरा ओळखताना त्याला दोन गोष्टी पाहाव्या लागतात : चेहरा नोंदीतल्या फोटोशी जुळतो का, आणि समोर खरोखर जिवंत माणूस आहे का. दुसरी गोष्ट पाहिली नाही, तर छापील फोटो दाखवूनही काम भागेल. म्हणून पापणीची हालचाल, कातडीवरचा उजेड, कागदाचा सपाटपणा तपासला जातो. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की बनावट चित्रफितींतील माणसे फारसे डोळे मिचकावीत नाहीत. पुढे डोळे मिचकावणारे बनावट चेहरेही आले. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द सचिन तेंडुलकरला सांगावे लागले, की खेळाच्या ॲपची जाहिरात करणारी ती चित्रफीत खोटी आहे. लबाडी सुधारते, तशी तपासणी कडक होते. आणि त्या तपासणीत आजीसारखी खरी माणसे अडकतात.

बरे, लबाडी करतो कोण? रोजगार हमीच्या कामावर मोबाइलने फोटो काढून हजेरी घेतली जाई. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवले, की काही ठिकाणी फोटोचाच फोटो काढून हजेरी लावलेली आढळली. हजेरीचा तो मोबाइल काही सगळ्या मजुरांच्या हाती नव्हता.

कोणी म्हणेल, कागदाच्या काळातही मेलेल्यांच्या नावावर पैसे उचलले जात होतेच. कबूल. यंत्र नकोच, असे माझे म्हणणे नाही. पण खोट्याला खरे मानणे ही जशी चूक, तशीच खऱ्याला खोटे ठरवणे हीही चूकच. पहिली चूक शोधण्यासाठी एवढी बुद्धी खर्च होते. दुसरीची तेवढी फिकीर केली जात नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. कारकुनाने आजीकडे पाहिले, नाव विचारले, कागदावर अंगठा घेतला. ही सोय नियमात आधीपासून होती. आदल्या दिवशी आम्हाला ती कोणी सांगितली नव्हती.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात फॉर्म वाचता येणारे आपणच पहिले. यंत्राने नकार दिला, तर त्याच दिवशी, त्याच ठिकाणी माणसाने तपासून सही केली पाहिजे, हे मागणे आपणच मांडायला हवे. आजीने पुन्हा पुन्हा डोळे मिचकावून काय सिद्ध करायचे?