सुविचाराने वावर मिळत नाही

मोझरी परिसरातल्या मुलींचे निबंध मी बरीच वर्षे वाचते आहे. विषय 'आजची स्त्री' असला की सुरुवातीला सुविचार, मग जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची रांग, शेवटी 'स्त्री ही शक्ती आहे'. बक्षीस ठरलेले! तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत 'महिलोन्नती' हा स्वतंत्र अध्याय लिहिला. आमच्या मुलींना त्यातल्या ओव्या निबंधात पेरायला शिकवतात. वाद घालायला नाही. अहो, निबंध म्हणजे आरती नव्हे. माझे म्हणणे काय, ते कशावरून, आणि न पटणाऱ्याला माझे उत्तर काय, हे त्यात नको?

आपल्याच वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशी सुनावली गेली (अपिलात ती टळली), आणि समस्त बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी स्त्रीचा गौरव गायला नाही. बायकांना दूषणे देणारा एक संस्कृत श्लोक घेतला आणि एकेका दूषणाला विचारले, हे पुरुषात नाही का? बायको मेली की नवरा दुसरी करतो, मग नवरा मेल्यावर बाईनेच का जन्मभर झुरायचे? बायका निर्दोष आहेत, असा त्यांचा दावाच नाही. म्हणून तर तो निबंध खोडणे कठीण.

मी मुलींना विषय देते : 'मुलीने माहेरच्या वावरावरचा हक्क सोडावा का?' बहुतेकींचे उत्तर, 'सोडू नये, कारण स्त्री-पुरुष समान आहेत.' एवढ्याने कोण ऐकतो? समोरच्याचा बळकट मुद्दा आधी मांडा : 'लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा.' आता त्याला भिडा. मांडव, पंगती, मानपान यांतले तिच्या नावावर काय चढले? भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कापला का? कायदा मग सांगा. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ मध्ये. भावांना तो ठाऊक असतो. म्हणून तर हक्कसोडपत्र पुढे येते.

राहतो सगळ्यात अवघड मुद्दा : 'भावाशी नाते तुटेल.' एका दहावीतल्या मुलीने लिहिले, 'नाते टिकवायला हक्क सोडावा लागत असेल, तर या वेळी भावाने सोडून पाहावा.' स्पर्धेत तिच्या वहीवर शेरा पडला, 'भाषा उद्धट'. नंबर आला नाही.

ताराबाईंवरही टीकेची झोड उठली होती. जोतीराव फुले 'सत्सार'मधून १८८५ साली त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. पहिले विस्मरणात गेले ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. तेव्हा परीक्षकांनी भाषेचे गुण खुशाल कापावेत. पण त्या पोरीच्या प्रश्नाला उत्तर असेल तर तेही वहीत लिहावे, आम्ही वाचू.