बातमीची पावती

१९९४ साली मी एका तालुक्याच्या गावी बँकेत शाखाधिकारी होतो. सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या एका कारखानदाराचा कर्जाचा अर्ज आला. सोबत तीन वर्तमानपत्रांची कात्रणं टाचलेली. तिन्हींत त्याच्या कर्तृत्वाचं गुणगान. जामीनदार म्हणून सही करायला एक निवृत्त मुख्याध्यापक आले. ‘‘गुरुजी, ताळेबंद पाहिलात का?’’ मी विचारलं. ‘‘साहेब, तीन-तीन पेपरांत आलंय. आणखी काय बघायचं?’’ खरं सांगायचं तर मीही फार खोलात गेलो नाही.

दोन वर्षांत खातं बुडालं. गुरुजींनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव कर्जात वळती करून घेतली गेली. त्या व्हाउचरवर सही माझीच. फाइल वसुलीला पाठवताना ती कात्रणं पुन्हा वाचली, तेव्हा उजेड पडला. मजकूर तिन्हीकडे शब्दशः एकच होता. ‘उद्योजक’ शब्दातली छपाईची चूकसुद्धा तीच!

हे सारं पुन्हा आठवलं २००९च्या अखेरीला. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक झाली होती. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये लिहिलं, की तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच लेख तीन प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत जवळजवळ जसाच्या तसा छापून आला होता. बाकी पानंच्या पानं मजकूर वेगळाच. ‘जाहिरात’ हा शब्द मात्र कुठे नाही. चव्हाणांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींपोटी दाखवले होते ५,३७९ रुपये. खर्चाची मर्यादा तेव्हा दहा लाखांची होती. माझ्या शाखेत असा हिशेब आला असता, तर मी त्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केला असता.

चव्हाणांनी आरोप नाकारले. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं. जुलै २०१४ मध्ये आयोगाने हिशेब नियमाप्रमाणे नसल्याचा निर्णय दिला आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला.

इथेच खरी गाठ आहे. बातमी विकली गेली असेल, तर घेणारा पावती देत नाही आणि देणारा मागत नाही. दोन्हीकडे रोकड. मग सिद्ध काय करणार? या धंद्यातला शब्द ‘पॅकेज’. सभेचा वृत्तांत, मुलाखत, सगळ्याचा दर ठरलेला. गावोगावच्या वार्ताहराची पंचाईत वेगळीच. पगार जेमतेम, बरीचशी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर. ज्याच्याकडे जाहिरात मागायची, त्याच्याविरुद्ध बातमी कुठल्या तोंडाने द्यायची? त्या बिचाऱ्याला दोष देऊन मालकाला मोकळं सोडू नये, असं मला वाटतं.

प्रेस कौन्सिलने याची चौकशी केली. परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोघांनी ७१ पानी अहवाल लिहिला, वृत्तपत्रांच्या नावानिशी. २०१० साली कौन्सिलने नावं वगळून त्याचा संक्षेप तेवढा काढला. लेखापरीक्षकाच्या अहवालातली पानं शाखेनेच काढून घ्यावीत, तशातला हा प्रकार! मूळ अहवाल अधिकृतपणे बाहेर आला तो २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. वर्तमानपत्रातल्या मजकुराचा खर्च त्यांनी हिशेबात दाखवला नव्हता.

हल्ली माझी नात मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवते. ‘‘आजोबा, सगळ्या ग्रुपवर आलंय,’’ म्हणते. मी तिला ती तीन कात्रणं दाखवली. झेरॉक्स करून ठेवली होती. एकाखाली एक धरून तिने छपाईची चूक माझ्यापेक्षा फार लवकर शोधली.

गुरुजी माझी बदली होईपर्यंत दरमहा पेन्शन घ्यायला येत. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. टोकन घेऊन बाकावर बसत आणि नंबर येईपर्यंत बँकेचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढत.