पूर्ण नाव काय?

‘पूर्ण नाव काय?’ असं विचारून माणूस तोलणाऱ्यांनो, ‘मलान’ हे फ्रेंच आडनाव तोलून दाखवा. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. त्या छळातून सुटलेला जाक मलान दक्षिण आफ्रिकेतल्या केपला, डच कंपनीच्या वसाहतीत पोचला. काही पिढ्यांत फ्रेंच भाषा गेली, आडनाव तेवढं उरलं. १९४८ मध्ये पंतप्रधान झालेल्या डी. एफ. मलानने तिथे वर्णभेदाचे कायदे आणले. निर्वासिताचा वंशज! आणि १९५१ मध्ये ‘कलर्ड’ नागरिकांचा मताधिकार वाचवायला रस्त्यावर उतरलेला माजी लढाऊ वैमानिक सेलर मलान? त्याचंही आडनाव हेच. मग आडनाव विचारून तुम्ही नक्की काय शोधता, तेवढं सांगा.