सुट्या भागांची भाषा

सुट्या भागांपासून उभी राहणारी वस्तू नेमकी कोणत्या क्षणी 'ती' वस्तू होते, हा प्रश्न आपल्याकडे सुमारे दोन हजार वर्षे विचारला जात आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की ज्या रथातून तू आलास तो रथ म्हणजे त्याचा आस काय, चाके काय, की जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि रथ हे व्यवहारापुरते एक नाव आहे या निष्कर्षापाशी ते दोघे येऊन थांबतात. नैयायिकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयवांपासून निर्माण होणारा 'अवयवी' हा अवयवांहून निराळा आणि खराखुरा असतो. हा वाद तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांपुरता उरला आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने अमेरिकेकडे पाहावे. तेथे तो कायदेमंडळांत आणि न्यायालयांत चालू आहे, आणि रथाच्या जागी तेथे रायफल आहे.

ही रायफल म्हणजे एआर-१५. यातील 'एआर' ही अक्षरे आर्मालाइट या कंपनीच्या नावावरून आली. तेथे काम करणाऱ्या युजीन स्टोनर या अभियंत्याच्या रचनेवर ती आधारलेली असून, तिचे हक्क १९५९ मध्ये कोल्ट कंपनीने विकत घेतले. तिचे लष्करी रूप एम-१६ या नावाने व्हिएतनाममध्ये गेले. नागरिकांसाठीचे अर्धस्वयंचलित रूप, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटेल असे, १९६४ पासून बाजारात आले. १९७७ मध्ये मूळ पेटंटची मुदत संपली आणि कोणासही तशी रायफल बनवण्याची मुभा मिळाली. वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग दोन खिळ्यांनी जोडलेले, आणि बहुतेकांची मापे लष्करी मानकाशी जुळणारी. त्यामुळे एका कारखान्याची नळी दुसऱ्याच्या रिसीव्हरला आणि तिसऱ्याच्या दस्त्याला जमू लागली. अखंड रायफल विकत घेण्याऐवजी तिचे भाग एकेक करून निवडणे हा लाखोंचा छंद होण्याचे मूळ येथे आहे.

या छंदात जाणकारीला पुष्कळ वाव आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. नळी १६ इंचांहून आखूड असेल तर १९३४ च्या कायद्यान्वये तिची वेगळी नोंदणी करावी लागते, म्हणून बहुतेकांची निवड तेथपासून सुरू होते. मग नळीच्या आतल्या पिळाचा प्रश्न येतो. पहिल्या एम-१६ मध्ये गोळीला बारा इंचांत एक फेरा मिळे. पुढे अधिक लांब आणि जड गोळी आली तेव्हा एम-१६ए२ मध्ये तो सात इंचांवर आला. आज हौशी माणूस सात, आठ आणि नऊ यांवर तासन् तास वाद घालू शकतो. नळीला आतून क्रोमचा मुलामा हवा की नायट्राइडची प्रक्रिया, चाप लष्करी धाटणीचा हवा की हलका, दोन टप्प्यांत ओढला जाणारा, दस्ता खांद्याला कसा टेकावा, दुर्बीण कोणती, अशी ही मालिका संपत नाही. सतारीची जवारी अथवा तबल्याची शाई यांविषयी ऐकलेल्या चर्चा येथे आठवाव्यात, इतकी बारकाई या बोलण्यात असते. अशा हौशी माणसांपैकी बहुतेकांच्या हातून कोणासही कधी इजा होत नाही. त्यांच्या रसिकतेची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही.

आमचा आक्षेप या छंदाच्या भाषेवर आहे. दस्ता, मूठ आणि नळीभोवतीचे आवरण यांना या मंडळींत 'फर्निचर' म्हणतात. जुळणीला 'बिल्ड' म्हणतात आणि रचनेला 'प्लॅटफॉर्म'. प्रौढांचा लेगो ही उपमा तर त्यांनीच स्वतःला हौसेने दिलेली आहे. सुमारे २००९ पासून अमेरिकेतील शस्त्रव्यवसायाच्या संघटनेने या रायफलीसाठी 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' हे नाव आग्रहाने रूढ केले. या संघटनेचे मुख्यालय तेव्हा कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन या गावी होते. १४ डिसेंबर २०१२ रोजी त्याच गावातील सँडी हुक प्राथमिक शाळेत याच धाटणीच्या रायफलीने वीस मुले आणि सहा प्रौढ मारले गेले. त्या स्थलयोगातून आम्ही कोणताही कार्यकारणभाव काढत नाही. मात्र संघटनेचा शब्द आणि शाळेतील घटना एकाच वस्तूविषयी होत्या, एवढे नोंदवणे भाग आहे.

मराठीत आपण 'सुटे भाग' म्हणतो. या शब्दात सुटेपण आणि सुटका दोन्ही ऐकू येतात. नळी कोणास मारत नाही, चाप मारत नाही, दस्ता तर नाहीच. भागांच्या पातळीवर बोलत राहिले की मृत्यू हा शब्द वाक्यात येतच नाही. वजन येते, अचूकता येते, टिकाऊपणा येतो, किंमत येते. ज्यासाठी हे सारे गुण हवे असतात ते कर्म वाक्याबाहेर राहते. सँडी हुकमधील मुलांच्या पालकांना न्यायालयात जी वाट सापडली तीही भाषेचीच होती, हे येथे ध्यानात घ्यावे. २००५ च्या संघीय कायद्याने शस्त्रनिर्मात्यांना बहुतेक दाव्यांपासून संरक्षण दिले आहे. पालकांनी बोट ठेवले ते जाहिरातींवर, पुरुषत्वाला आव्हान देऊन रायफल विकणाऱ्या मजकुरावर. २०१९ मध्ये कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा चालू दिला आणि २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरांवर तडजोड झाली.

कायद्याची अवस्था याहून बरी नाही. १९३८ च्या अमेरिकी कायद्यात शस्त्राचा कोणताही भाग म्हणजे शस्त्र होते. एवढ्या बारीकसारीक भागांवर नियंत्रण ठेवणे अव्यवहार्य ठरले, तेव्हा १९६८ च्या कायद्याने त्यांतील एकच भाग निवडला: रिसीव्हर अथवा फ्रेम. एआर-१५ मध्ये खालचा रिसीव्हर म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बंदूक. परवानाधारक विक्रेत्याकडून तो घेताना खरेदीदाराची पूर्वचौकशी होते. बाकीचे भाग संघीय कायद्याच्या दृष्टीने नुसते सामान. काही राज्ये याहून कडक आहेत, ती गोष्ट निराळी. पण १९७८ च्या नियमात रिसीव्हरची जी व्याख्या होती तीत घोडा, बोल्ट आणि गोळी झाडण्याची यंत्रणा एकाच घरात असावी असे गृहीत होते. एआर-१५ मध्ये घोडा खाली असतो आणि बोल्ट वर. व्याख्या अक्षरशः वाचली तर या रायफलीत कायद्याची 'बंदूक' कोठेच सापडत नव्हती, आणि २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका संघीय न्यायाधीशाने तसे प्राथमिक मत नोंदवलेही. नागसेनाला हे ऐकून आश्चर्य वाटले नसते.

नियंत्रणाच्या बाजूचे लोकही याच भाषेत अडकले, हे अधिक खेदाचे. १९९४ ते २००४ या काळात लागू असलेल्या संघीय बंदीत रायफल ओळखायची ती यादीवरून. काढता-घालता येणारे मॅगझीन, आणि त्याबरोबर घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगिनीची खुंटी, ज्वाळा झाकणारे तोंड अशांपैकी दोन गोष्टी असल्या की बंदी. कारखान्यांनी खुंटी कापली, तोंड बदलले आणि जवळजवळ तीच रायफल कायदेशीर होऊन पुन्हा दुकानात आली. तिचे काम तसूभरही बदलले नव्हते. विरोधकांनी या कायद्याची टवाळी केली, आणि ती टवाळी सर्वस्वी अनाठायी नव्हती.

२०२२ च्या नव्या नियमाने खालच्या रिसीव्हरविषयीचा घोळ मिटवला आणि जुळवायच्या संचांनाही शस्त्र ठरवले. त्याविरुद्धच्या खटल्यात मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी नियम उचलून धरला. न्यायमूर्ती गॉर्सच यांनी दिलेले उदाहरण साहित्याच्या वाचकाला विशेष रुचेल. लेखिका अपूर्ण हस्तलिखितालाही आपली कादंबरी म्हणते, खोक्यातून सुट्या फळ्यांच्या रूपात आलेल्या टेबलालाही आपण टेबल म्हणतो. कारण मनुष्यनिर्मित वस्तूंची नावे त्यांच्या हेतूवरून पडतात. संचाला बंदूक म्हणता येते ते याच न्यायाने. आमच्या मते या सबंध वादातील हे सर्वांत शहाणे विधान आहे, आणि ते मुळात समीक्षेचे विधान आहे.

आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही आरंभापासून शस्त्रांतच धरली आहेत. यावरून शेखी मिरवण्याचे मात्र कारण नाही. गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपण नित्य वाचतो. व्याख्या व्यापक असली म्हणून भट्टी विझत नाही. तरीही व्याख्येचा क्रम महत्त्वाचा आहे असे आम्हांस वाटते. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चमध्ये ५१ माणसे मारली गेल्यावर न्यूझीलंडने महिन्याभरात कायदा केला. त्याने आधी कामावरून वस्तू ठरवली, म्हणजे थोडे अपवाद वगळता सर्व अर्धस्वयंचलित बंदुका, आणि मग तिच्या भागांकडे वळला. लोकांकडून परत घेताना पन्नास हजारांहून अधिक शस्त्रे जमा झाली. सुटे भाग त्याहून कितीतरी अधिक. आधी अवयवी, मग अवयव.

रायफल जुळवणाऱ्याने आपली आवड सोडावी, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. तो प्रश्न अमेरिकेच्या नागरिकांचा आणि त्यांच्या संविधानाचा. मात्र भाषेविषयी मागणे मागण्याचा अधिकार भाषेत जगणाऱ्या प्रत्येकास असतो. आमचे मागणे एवढेच, की निवड करताना संपूर्ण वस्तूचे नाव घ्यावे. सात इंचांचा पीळ हवा असेल तर तो कशासाठी, हे त्याच वाक्यात यावे. 'फर्निचर' म्हणताना ते कोणत्या घरातले, हे सांगावे. नागसेनाचा युक्तिवाद 'मी'चा मोह सुटावा यासाठी होता. जबाबदारी सुटावी यासाठी तो वापरणे हा त्याचा गैरवापर आहे. रथाविषयी आम्ही त्याचे ऐकू. बंदुकीविषयी मात्र आम्ही नैयायिकांच्या बाजूला आहोत.