पत्ता शोधावा की लिहून ठेवावा?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात असावेत आणि पेढीवरच्या प्रिंटरने मान टाकावी. कागद आहे, शाई आहे, वायर घट्ट आहे. मध्येच वीज जाऊन आली, राउटरने प्रिंटरला नवा आयपी पत्ता दिला आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर बिलं धाडतोय. प्रिंटर उलटा केला की स्टिकरवर बारा अक्षर-आकडे दिसतात. हा मॅक पत्ता; कारखान्यातून आलेला, वीज गेली तरी तोच राहणारा. त्यावरून आयपी सापडेल?

सापडेल, पण आडवळणाने. 1982 साली ठरलेली एआरपी पद्धत उलटी चालते: ‘हा आयपी कुणाचा?’ अशी दवंडी पिटते आणि ज्याचा असेल तो आपला मॅक सांगतो. म्हणून 192.168.1.1 पासून 254 पर्यंत सगळ्यांना पिंग करायचं, मग ‘एआरपी -ए’ म्हणून आलेल्या यादीत स्टिकरवरचे आकडे हुडकायचे. पिंगला गप्प बसणारं यंत्रही एआरपीला बहुधा ओ देतं. एका दुकानाला एवढं पुरतं, उगाच वह्या कशाला, हे म्हणणंही रास्त आहे.

पण ही दवंडी राउटरची वेस ओलांडत नाही. पतसंस्थेचं मुख्य कार्यालय सांगलीत आणि शाखा साताऱ्यात असेल, तर सांगलीत बसून साताऱ्याचा कॅमेरा असा हाती लागत नाही. त्या शाखेच्या राउटरमधली यादीच उघडावी लागते. म्हणून माझा कल नोंदीकडे आहे. प्रिंटर, कॅमेरा, हजेरीचं यंत्र यांच्या मॅकशी ठरावीक आयपीची गाठ राउटरमध्येच बांधून टाकावी.

नोंदीला राखणही लागते, हे खरं. यंत्र बदललं आणि वही तशीच राहिली, तर ती माणसाला भलतीकडेच फिरवते. आणि मोबाइल या वहीत नकोतच. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन वायफायला बनावट मॅक दाखवतात, ते माणसाचा माग निघू नये म्हणूनच. कर्मचाऱ्याची ती मोकळीक संस्थेने हिरावू नये.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या बाजारपेठेत शिरली. अशा पुरात राउटर भिजला की त्यातल्या गाठीही जातात. त्यांची एक प्रत कागदावर हवी, आणि तो कागद वरच्या मजल्यावर.