न विकण्याची अट

मालाचा नमुना फुकट देण्याची रीत आपल्या बाजारपेठांत जुनी आहे. गुळाचा खडा, मूठभर डाळ किंवा कापडाची चिंधी गिऱ्हाइकाच्या हाती ठेवताना त्याची नोंद कोणी कीर्दीत करीत नाही. पण गिऱ्हाईकच दुकानात बसून संपूर्ण मालाची नक्कल करू लागले, ती मित्रमंडळींत वाटू लागले आणि दुकानदाराने त्याला हाकलण्याऐवजी बसायला स्वतंत्र गादी घालून दिली, तर त्या दुकानदाराला आपण काय म्हणू? अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या संगीतवृंदाने नेमके हेच केले. कलेच्या प्रांतातील हे उदाहरण व्यापारी कुटुंबांनी बारकाईने तपासावे असे आहे.

हा वृंद १९६५ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाला आणि त्याचा प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया १९९५ मध्ये निवर्तेपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, गात-वाजवत राहिला. या काळात त्याचे सुमारे तेवीसशे कार्यक्रम झाले. त्यांतील कोणतेही दोन कार्यक्रम सारखे नसत. कोणती गाणी व्हायची आणि कोणत्या क्रमाने, हे दररोज बदले. एकच गाणे एके दिवशी सहा मिनिटांत आटोपे, तर दुसऱ्या दिवशी त्याचा विस्तार वीस-पंचवीस मिनिटे चाले. त्यामुळे कालचा कार्यक्रम ऐकलेल्या श्रोत्याला आजचाही ऐकावासा वाटे आणि जो चुकला त्याची चुटपुट लागून राही. ध्वनिमुद्रणाची निकड या चुटपुटीतूनच निर्माण झाली.

साठच्या दशकाच्या अखेरीपासून काही श्रोते यंत्रे घेऊन येऊ लागले. आरंभी चक्रावरच्या फितींची जड यंत्रे असत, पुढे कॅसेट आली. उंच काठीला मायक्रोफोन बांधायचे, तारा पायाशी सांभाळायच्या आणि कॅसेटची पंचेचाळीस मिनिटांची बाजू संपण्याच्या बेतात आली की दोन गाण्यांमधली फट साधून ती पालटायची, असा हा खटाटोप होता. वृंदाच्या सेवकवर्गाला हे आरंभी रुचले नाही. पण स्वतः गार्सियाची भूमिका अशी होती की, वाजवून झालेले संगीत आपल्या हातून सुटले. पुढे ते श्रोत्यांनी खुशाल ठेवावे.

यातून एक विलक्षण बाजारपेठ उभी राहिली. तीत वस्तू होती, मागणी होती, पुरवठा होता. फक्त किंमत नव्हती. दोन संग्राहक आपापल्या याद्या एकमेकांना पाठवीत आणि कॅसेटच्या बदल्यात कॅसेट देत. ज्याच्याजवळ देण्यासारखे काहीच नसे अशा नवख्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचे टपाल पाठवायचे, जुन्या संग्राहकाने त्या भरून परत करायच्या. १९७४ मध्ये या देवघेवीला वाहिलेले ‘डेड रेलिक्स’ नावाचे पत्रकही निघू लागले. प्रत्येक कॅसेटवर कार्यक्रमाची तारीख, गाव, सभागृह, गाण्यांचा क्रम आणि पुष्कळदा वापरलेल्या मायक्रोफोनचे नावही लिहिलेले असे. प्रतीवरून प्रत काढली की खरखर वाढते, म्हणून ही कितवी प्रत आहे तेही प्रामाणिकपणे सांगायचे. खतावणी चोख असावी, मालाचा दोष लपवू नये, हे दोन्ही नियम या हौशी लोकांनी कोणत्याही कायद्याच्या धाकाविना पाळले. तिसरा नियम सर्वांत कडक होता : विकायचे नाही. जो विके, त्याच्याशी कोणी देवघेव करीत नसे.

१९८४ पर्यंत ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की काठ्यांच्या गर्दीने इतर प्रेक्षकांना रंगमंच दिसेना. ज्या तंत्रज्ञाने आवाजाचे संतुलन राखायचे, त्याच्याही दृष्टीआड मायक्रोफोन येऊ लागले. तिकीट काढून आलेल्या सामान्य श्रोत्याची तक्रार रास्त होती. व्यवस्थापनासमोर दोन मार्ग होते : बंदी घालावी किंवा शिस्त लावावी. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बर्कली येथील कार्यक्रमांपासून ध्वनियंत्रणेच्या मागे ध्वनिमुद्रणासाठी राखीव विभाग सुरू झाला आणि त्याची वेगळी तिकिटे टपालाने मिळू लागली. चोरून होणारी गोष्ट उजेडात आली आणि उजेडात आल्यामुळे तिला अट घालता आली : स्वतः ऐका, इतरांना द्या, मात्र त्यावर पैसा मिळवू नका.

मग नफ्या-तोट्याचे काय झाले? वृंदाचे ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतील यश दीर्घकाळ बेताचेच होते. ‘टच ऑफ ग्रे’ हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले ते १९८७ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर बावीस वर्षांनी. परंतु प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या उत्पन्नात हा वृंद देशातील अग्रगण्य वृंदांत गणला गेला. वृंदाचे एक गीतकार जॉन पेरी बार्लो यांनी १९९४ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात या यशाचे बरेचसे श्रेय मोकळ्या ध्वनिमुद्रणाला दिले. सर्व श्रेय त्यालाच देणे मला घाईचे वाटते. मूळ संगीतात दम नसता तर त्याची कॅसेट कोणी फुकटही घेतली नसती. तथापि एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्या वस्तूची नक्कल होऊ शकते ती त्यांनी सैल सोडली आणि जिची नक्कल होऊ शकत नाही, म्हणजे त्या संध्याकाळी त्या सभागृहात प्रत्यक्ष असणे, तिचे मोल घेतले. आपला खरा माल कोणता, हे त्यांना नेमके उमगले होते.

वाटण्याचा आणखी एक लाभ जमाखर्चात दिसत नाही. तो जतनाचा. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेला या वृंदाचा कार्यक्रम विशेष नावाजला जातो. त्याची प्रसिद्ध प्रत श्रोत्यांमधून नव्हे, तर थेट ध्वनियंत्रणेवरून बेटी कँटर-जॅक्सन या तंत्रज्ञ बाईंनी मुद्रित केली होती. पुढे बाईंनी आपल्या फिती भाड्याच्या गाळ्यात ठेवल्या, भाडे थकले आणि १९८६ मध्ये त्या सामानाचा लिलाव झाला. थकबाकीपोटी लिलाव होणाऱ्या वस्तूचे मूळ मोल लिलाव करणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते, हे बँकेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला नव्याने सांगावे लागत नाही. तरीही हे संगीत नाहीसे झाले नाही, कारण त्याच्या प्रती याच देवघेवीतून घरोघर पोहोचल्या. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०११ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत त्याचा समावेश केला. मूळ फिती वृंदाच्या भांडाराकडे परतल्यावर २०१७ मध्ये, चाळीस वर्षांनी, त्याची अधिकृत आवृत्ती निघाली.

येथवरची कथा गोड आहे. पण कसोटी २००५ साली लागली. तोवर कॅसेटची जागा संगणकाने घेतली होती आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या ना-नफा संस्थेच्या संग्रहात या वृंदाचे हजारो कार्यक्रम कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येत होते. त्या नोव्हेंबरमध्ये वृंदाच्या बाजूने सांगण्यात आले की ही सोय बंद करा. श्रोत्यांत संतापाची लाट उसळली, निषेधाच्या पत्रकावर सह्या झाल्या, वृंदातीलच फिल लेश यांनी जाहीर नापसंती दर्शविली. काही दिवसांतच तोडगा निघाला : श्रोत्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे पूर्वीप्रमाणे उतरवून घ्यावीत, ध्वनियंत्रणेवरून घेतलेली केवळ ऐकावीत.

या वादात न्याय कोणाकडे होता? आपल्या मोकळ्या जागेतून शेजाऱ्याला वाट देणाऱ्या मालकाचे उदाहरण घ्या. मालकाच्या परवानगीने चाललेली वहिवाट कितीही वर्षे चालली तरी तिचा हक्क होत नाही, हे आपल्याकडे कायदा जाणणारा प्रत्येक जण सांगेल. त्या न्यायाने मालकाची बाजू बळकट होती. पण त्या वाटेवर शेजाऱ्याने दिवे लावले असतील, फरशी बसविली असेल, तर रातोरात कुंपण घालणे कायद्यात बसले तरी पेढीच्या लौकिकात बसत नाही. श्रोत्यांनी आपला वेळ, आपली यंत्रे आणि आपले श्रम घालून तो ठेवा उभा केला होता. म्हणून जे श्रोत्यांच्या श्रमाचे होते ते श्रोत्यांकडे आणि जे वृंदाच्या यंत्रणेचे होते ते वृंदाकडे, ही अखेरची वाटणी मला समतोल वाटते.

हा प्रश्न दूरदेशीचा मानण्याचे कारण नाही. आपल्या रागसंगीताला तर तो अधिकच लागू आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. तासभराचा राग तिच्यात कोठून बसणार? अनेक गवयांची खरी गायकी आज ऐकायला मिळते ती रसिकांनी मैफलीत जपून केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. तो आता पन्नास वर्षे टिकतो. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी ध्वनिमुद्रण करण्यास कायद्याने सूट आहे. मात्र ते सर्वांसाठी प्रसृत करण्यास कलाकाराची संमती लागते. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाचे श्रेय मिळण्याचा आणि त्याची मोडतोड रोखण्याचा हक्कही त्याला दिला.

आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणयंत्र आहे. पूर्वी एक प्रत द्यायची तर दीड तास यंत्रापाशी बसावे लागे आणि त्या श्रमामुळेच वाटणाऱ्याच्या मनात विचार येई. आता बोटाच्या एका स्पर्शाने मैफल शेकडो जणांच्या गटात जाते. श्रम गेले, म्हणून विवेक अधिक लागतो. मैफलीतले काही पुढे पाठविण्यापूर्वी घरातल्या तरुणांनी तीन गोष्टी पाहाव्यात : गाणाऱ्याने होकार दिला आहे काय, त्याचे नाव, स्थळ आणि तारीख बरोबर जात आहे काय आणि वाटेत कोणी त्यावर पैसा तर मिळवीत नाही ना. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर ते विचारून घ्यावे. मैफल संपल्यावर पाच मिनिटे थांबून कलाकाराला भेटले की ते मिळते. आणि मोकळेपणाने विचारणाऱ्या रसिकाला बहुतेक कलाकार विन्मुख पाठवीत नाहीत.